बारा फुटांची वाट

१८ एप्रिल २०२४, गुरुवार
सेगोव्हियाच्या अलीकडे, स्पेन

भागवत,

पाच वर्षं तुझ्याशी बोललो नाही आणि आज एकदम पत्र. तुला विचित्र वाटेल. वाटू दे. फोन तू उचलत नाहीस. अंजू या पानांचे फोटो काढून तुझ्या रामच्या मोबाईलवर पाठवणार आहे. पण रामकडून वाचून घेऊ नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, चौथीतल्या पोराला वाचता येईल एवढं. तुझी चौथी झालेली आहे.

काल तुझ्या साखराबाईनं अंजूला फोन केला होता. महिनाअखेरच्या बाजारात तू सगळी मेंढरं आष्टीला काढणार आहेस म्हणे. तलाव आटला, टँकरचं पाणी माणसालाच पुरत नाही, जनावराला कुठून घालणार, असं ती म्हणाली. बापूंच्या वेळी दोनशे होती, आता चाळीस उरलीत. मी अंजूला म्हणालो, त्याची मेंढरं, तो बघेल, मला काय त्याचं. असं म्हणून चहा प्यायलो. पण काल दुपारपासून माझं कशातच लक्ष नाही.

तसंही इथं लक्ष लागावं असं काही नाही. तुला वाटत असेल, गुरुजी रिटायर झाले, लेकीनं विमानानं नेलं, मजा आहे. मजा ऐक. अंजू आणि आपले जावईबापू उत्तरेश्वर यांनी जर्मनीतून एक मोटार भाड्यानं घेतलीय. तिच्यातच झोपायचं, तिच्यातच शिजवायचं, तिच्यातच आंघोळ आणि तिच्यातच, माफ कर, संडास. माझ्या उशापासून संडासाचं दार दीड हातावर आहे. मध्ये गॅसची शेगडी. आपण माळावर वाढलेली माणसं, लोटा घेऊन ओढ्यापलीकडे जायचो, वारा बघून बसायचो. इथं मी बसलो की बाहेर जावई पोहे परततात आणि विचारतात, "आण्णा, तिखट किती घालू?"

त्याहून वाईट पुढं आहे. त्या संडासाखाली एक डबा असतो. रोज सकाळी तो खणासारखा बाहेर ओढायचा, चाकं असतात त्याला, आणि तो गडगडवत नेऊन एका भोकात ओतायचा. हे काम एम.टेक. झालेला माझा जावई हातमोजे घालून, शीळ वाजवत करतो. रांगेत आणखी पाच-सहा गोरे आपापला डबा घेऊन उभे असतात आणि एकमेकांना 'गुड मॉर्निंग' करतात. मी नाकाला रुमाल लावून माघारी फिरलो.

बापू बिऱ्हाड घोड्यावर टाकून मेंढरं जगवायला गोदावरीकडे जायचे, तेव्हा वाटेतली गावं आपल्याला काय म्हणायची, आठवतं का? भटके आले, कोंबड्या सांभाळा. आणि हे लोक त्याच फिरण्यासाठी दिवसाला जेवढे पैसे मोजतात ते मी तुला सांगत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

उद्या सेगोव्हिया नावाचं जुनं शहर बघायचंय. मला नाही बघायचं.

गहिनीनाथ


१९ एप्रिल, शुक्रवार, दुपार
सेगोव्हिया

भागवत,

कालचं पान रामनं बघितलंय, निळ्या दोन खुणा आल्यात. उत्तर नाही. बरं.

आजचा दिवस सांगतो. सकाळी मोटार गावाबाहेर लावली आणि चालत निघालो. चौकात पोचलो तर समोर दगडी पूल. आठ-नऊ मजली घराएवढा उंच, कमानीवर कमान. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर नुसता दगड ठेवलेला. मी बीडची खजाना बावडी पोरांच्या सहलीला दहा वेळा दाखवलीय, मला दगडाचं कौतुक कमी नाही. पण त्याच्या बुडाशी शेकडो माणसं पाठ करून उभी, काठीला मोबाईल लावून तोंडं वेडीवाकडी करताहेत. पुलाकडे बघणारा एक नाही. एका बाईनं तर कमानीच्या दगडाला बूट टेकवून फोटो काढला.

उत्तरेश्वर म्हणाले, "आण्णा, डोंगरातलं पाणी शहराला मिळावं म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी बांधलाय. पंधरा किलोमीटरवरून पाण्याला वाट करून दिली."

मी म्हणालो, "मला काय सांगता! मला दिसत नाही?"

अंजूनं माझ्याकडे बघितलं. ती तिच्या आईसारखी बघते, भागवत. बोलत नाही, नुसती बघते.

मग गल्ल्या, मग देऊळ, मग किल्ला. सगळीकडे तिकीट. देवळातही तिकीट. आत सोनंच सोनं आणि बाहेर पायरीवर म्हातारी हात पसरून बसलेली. हे मात्र अगदी आपल्यासारखं.

दीड वाजता जेवायला नेलं. जुनं हॉटेल, भिंतीवर मोठ्या माणसांचे फोटो, लाकडी भट्टी. शेजारच्या टेबलावर डुकराचं अख्खं पिल्लू आलं, कान-डोळ्यांसकट, थाळीत पालथं झोपवलेलं. पांढऱ्या कोटातल्या माणसानं ते सुरीनं कापलं नाही. जेवणाच्या बशीच्या कडेनं कापलं, खच खच. किती कोवळं आहे हे दाखवायला. आणि मग ती बशी जमिनीवर आपटून फोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या! खाल्ल्या ताटाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, आणि हे फोडून टाळ्या पिटतात. मी मान फिरवली.

"आण्णा, आपल्यासाठी ते नाही," उत्तरेश्वर म्हणाले. "आपल्याला मटण सांगितलंय. इथलं फार नावाजलेलं आहे."

मटण म्हटल्यावर मी सावरून बसलो. सात दिवस ब्रेड आणि पोहे खाऊन तोंडाची चव गेली होती. मातीच्या थाळीत भाजलेला पाय आला. मसाला काही नाही, मीठ आणि पाणी. मी तोडून तोंडात घातलं. खोटं कशाला सांगू, लोण्यासारखं विरघळलं. दोन घास, तीन घास. मी म्हणालोही, "जावईबापू, हे जमलंय."

तेवढ्यात हाड हातात आलं. माझ्या करंगळीएवढं.

मी शाळेत मराठी शिकवलं, पण जन्म मेंढरांच्या वाड्यावर गेलाय. मेंढराचं हाड हातात घेतल्यावर वय सांगता येतं मला, तुला येतं तसं. मी विचारलं, "अंजू, हे केवढं होतं? विचार त्याला."

तिनं त्या पांढऱ्या कोटाला विचारलं. तो अभिमानानं हसला, तीन बोटं वर केली.

"तीन आठवडे," अंजू म्हणाली. "आईच्या दुधाशिवाय काही खाल्लेलं नसतं, म्हणून मऊ..." आणि ती मध्येच थांबली.

दूधपितं. भागवत, मी दूधपितं कोकरू खाल्लं. बापूंनी दारात व्याही येऊन बसले तरी दूधपित्याला हात लावू दिला नाही. "त्याच्या तोंडात आजून आईचं दूध हाय, त्येला कापून कुनाचं पोट भरतंय?" म्हणायचे. मी उठलो, बाहेर गेलो आणि त्या सुंदर जुन्या शहराच्या भिंतीशी ओकलो. जाणारे-येणारे नाक धरून बाजूला झाले. एका पोरानं मोबाईल काढला.

ते तीन घास बाहेर पडले. पण आतलं काहीतरी राहिलं. काय ते तुला ठाऊक आहे, मला लिहायला लावू नको.

तोंड धुऊन मी एकटाच चालत सुटलो. उतारानं गावाबाहेर आलो. तिथं गवताचा पट्टा आणि एक हातभर उंचीचा दगडी खांब होता, त्यावर बसलो. मागून धापा टाकत अंजू आली. बाजूला एक पाटी होती, तिच्यावर मेंढरांचं चित्र. मी म्हणालो, "आता हे काय? इथंही भाजून देतात का?"

तिनं मोबाईल पाटीसमोर धरला आणि वाचून दाखवलं. ही मेंढरांची वाट आहे. उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात खाली मैदानात जायची, सात-आठशे वर्षांपासूनची. राजानं कायदा करून दिलेली. शेतकऱ्यानं नांगरायची नाही, कुणी भिंत घालायची नाही. आजही कायदा तोच आहे. मी बसलो होतो तो खांब त्या वाटेच्या हद्दीचा.

"किती रुंद?" मी विचारलं.

"पंचाहत्तर मीटर."

माझा विश्वास बसला नाही. मी उठून पावलं टाकली. या खांबापासून गवतातून पलीकडच्या खांबापर्यंत. चौऱ्याण्णव पावलं भरली. दोन्ही बाजूला गव्हाची शेतं, आणि मध्ये चौऱ्याण्णव पावलं मोकळं गवत. एक मेंढरू नव्हतं त्यावर, तरी कुणी नांगर घातला नव्हता.

आपली विहिरीची वाट बारा फुटांची होती.

तू दारात उभा राहून काय म्हणाला होतास ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "दादा, वाटनी झाली तवा बापूंनी सांगितलं व्हतं, हीर गहिनीची पर पान्याची वाट दोगाची." आणि मी, चाळीस वर्षं पोरांना 'खरे बोलावे' शिकवणारा, म्हणालो, "कागदावर आहे का? कागद दाखव." बापू अंगठा उठवणारे, तू चौथी, कागद कुठून आणणार होतास? पुढच्या आठवड्यात मी तारेचं कंपाउंड ठोकलं, वाटेवर डाळिंबाच्या दोन ओळी घातल्या, आणि शाळेत निबंध तपासत बसलो.

मला किळस आली, भागवत. मघाशी त्यांची आली होती. आता माझी.

मेंढरं विकू नकोस. मी बंकटला फोन करतोय.

गहिनीनाथ


२१ एप्रिल, रविवार
अजून सेगोव्हियाच

भागवत,

उत्तरेश्वरांनी पुढचं शहर रद्द केलं. मला ताप आहे असं त्यांना वाटतं.

बंकटला परवाच फोन केला. तुला माहीत आहे, माझी बाग तोच बघतो. म्हणालो, तार काढ, बारा फूट मोकळं कर, त्यातली डाळिंबं उपटून टाक.

"गुर्जी, बरं हाय न्हवं?" तो म्हणाला. "झाडं फुलावर आल्यात. तिथली दारू-बिरू..."

"बंकट, मी शुद्धीवर आहे. उपट."

"आवं, पर कावून?"

"वाट आहे ती."

तो म्हणाला, "वाट हाय ते सगळ्या शिवाराला ठावं हाय. तुमालाच ठावं नव्हतं." आणि फोन ठेवला. पाच वर्षं माझ्या पगारावर राहून त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही अशा वेळी. राग आला. मग राग यायचा मला काही हक्क नाही असं लक्षात आलं, तेव्हा आणखी राग आला.

आज सकाळी त्याचा फोन आला. वाट मोकळी झालीय, विहिरीजवळची दगडी डोण धुऊन पाण्यानं भरलीय. काल संध्याकाळी तू मेंढरं घेऊन बांधावर आला होतास, हेही त्यानं सांगितलं. मी मोटारीत उभा राहिलो आणि छताला डोकं आपटलं.

"आले व्हते भागवत आबा," बंकट म्हणाला. "मेंढरं म्होरं घातली. पर गुर्जी, तार जितं व्हती ना, तितं यिऊन समदी थांबली."

"म्हणजे?"

"तार न्हाई, खांब न्हाई, कायबी न्हाई. पर थांबली. डोणीतलं पानी दिसतंय, वास येतोय, वरडत्यात, पर पाय टाकीनात. आबानी लई हाकललं. मग घेऊन माघारी गेले."

मी अंजूला हे सांगितलं. ती म्हणाली, "पाच वर्षं तिथं तार लागलीय ना अंगाला त्यांच्या." आणि भांडी घासायला लागली.

दुपारी साखराबाईचा रेकॉर्ड केलेला निरोप आला मोबाईलवर. तिनं आयुष्यात माझ्याशी थेट बोलणं केलं नाही, पदर सावरून बाजूला उभी राहायची. अंजूनं लावून दिलं आणि ती खाली उतरून गेली. तू ऐकलं नसशील तर जसंच्या तसं लिहितो:

"दादा, पत्रं वाचली. ह्येनी सोता वाचली, बोट ठिऊन. लई लांबलचक लिवलंय तुमी. संडासाचं लिवलंय, डुकराचं लिवलंय. त्या दिसाचं काय न्हाई लिवलं. मी तुमच्या दाराम्होरं आल्ते तवा तुमी काय म्हनलात, ते लिवा. तुमच्या हातानं लिवा. मग मेंढराचं बगू."

मी आज लिहू शकत नाही.

गहिनीनाथ


२३ एप्रिल, मंगळवार
माद्रिद

भागवत, आणि साखराबाई,

दोन दिवस कागद समोर घेऊन बसलो. उद्या संध्याकाळचं विमान आहे. विमानात बसायच्या आधी हे पान गेलं पाहिजे.

तार ठोकली तो फाल्गुन होता, दुष्काळाचं वर्ष. तुझ्या मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या. माझी विहीर पाऊण मैलावर, पण तिची वाट बंद, म्हणून तू त्यांना तीन कोसांवर तलावाला नेत होतास, उन्हातून, रोज. मेंढ्या आटल्या. कोकरं उपाशी राहिली. मला हे बंकट सांगत होता आणि मी पेपर वाचत होतो. सतरा कोकरं गेली. आकडा मला तेव्हाही माहीत होता.

शेवटचं गेलं त्या दिवशी साखराबाई ते ओटीत घेऊन आली. तुझी वहिनी वच्छला भाकरी करत होती, ती उठून बाहेर आली. साखराबाईनं कोकरू माझ्या उंबऱ्यावर ठेवलं. बोलली काही नाही. ते पांढरं होतं, एक कान काळा. त्याच्या तोंडाला माश्या होत्या. वास येत होता.

मी खुर्चीवरून उठलो नाही. मी म्हणालो: "बंकट, ही घाण उचल, उकिरड्यावर टाक. आणि उंबरा धुऊन घे."

हे मी म्हणालो. याच शब्दांत. वच्छलानं हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि साखराबाईच्या मागं बांधापर्यंत गेली. त्या दिवसापासून ती मरेपर्यंत माझ्याशी गरजेपुरतं बोलली. तिच्या मयताला तू खांदा दिलास आणि पाण्याचा घोट न घेता गेलास. लोकांना मी सांगितलं, भाऊ तुसडा आहे.

त्या हॉटेलात मला कशानं उलटी झाली, ते आता तुम्हाला कळलं असेल. तेवढंच होतं ते, त्याच वयाचं. फरक एवढाच की स्पेनवाल्यांनी ते खाल्लं तरी. मी नुसतं मारलं आणि उंबरा धुऊन घेतला.

हे पान फोटोसाठी अंजूच्या हातात द्यावं लागलं. लेकीच्या हातात असलं पान देण्यापेक्षा तो डबा रोज ओतायला मी तयार झालो असतो. तिनं उभ्या उभ्या वाचलं. मला वाटलं, आता ही तोंड फिरवणार. ती म्हणाली, "आईनं सांगितलं होतं, आण्णा. लग्नाच्या आधीच." म्हणजे पाच वर्षं तिला माहीत होतं, आणि तरी मला आपल्या मोटारीत, आपल्या ताटाशेजारी बसवत होती.

आता खाली लिहितोय ते नीट जपून ठेव. अंजूला सांगून छापूनही पाठवतो, आणि आल्यावर साध्या कागदावर न राहता जिथं नोंदवायचं तिथं नोंदवू.

मी, गहिनीनाथ, शुद्धीवर राहून लिहून देतो की, बांधावरच्या लिंबापासून विहिरीच्या डोणीपर्यंत बारा फूट रुंदीची पाण्याची वाट ही माझा धाकटा भाऊ भागवत याची आणि त्याच्या मेंढरांची आहे. ती बापूंनी सांगितली तेव्हापासून आहे. ती माझ्यानंतरही नांगरायची नाही, तिच्यावर तार घालायची नाही, झाड लावायचं नाही. साक्षीदार अंजू, उत्तरेश्वर.

कागद तू कधी मागितला नव्हतास. मी मागितला होता.

परवा मुंबईला उतरून रात्रीतच निघतो. सव्वीस तारखेला सकाळी पोचेन. बाजार त्यानंतर आहे. तोवर बंकट डोणीतलं पाणी बादल्यांनी बांधावर आणून देईल, मी त्याला सांगितलंय. तू नाही म्हणालास तरी तो आणणार आहे, तसा तो आता माझं ऐकत नाही.

मेंढरं त्या जागी पुन्हा थांबतील. त्यांना हाकलू नकोस. बापू म्हणायचे, मेंढरू मागून रेटून जात नाही, पुढं कुणीतरी चाललं की जातं. पुढं मी चालतो. ती जागा मी केलीय, ती आधी मीच ओलांडली पाहिजे. हाळी तेवढी तू दे. माझा आवाज त्यांच्या ओळखीचा नाही.

त्या आधी मी तुमच्या दारात येईन. आत बोलवू नका. साखराबाईला जे बोलायचंय ते तिनं सगळं बोलावं, मी उभा राहून ऐकेन. आणि मी गेल्यावर उंबरा धुऊन घ्यावा.

गहिनीनाथ